व्हर्सायचा राजवाडा, घरच्यांना घेऊन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसच्या उपनगरात राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी ना कुणी येतंच. कधी सासू-सासरे, कधी नणंद आणि तिची दोन मुलं, कधी नवऱ्याच्या मित्राचं अख्खं बिऱ्हाड. आयफेल टॉवर त्यांचे ते बघून येतात, व्हर्सायला मात्र "तू चल ना गं सोबत" असतंच. आणि निघायच्या आदल्या रात्री तेच ते प्रश्न. म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून काढली. वेळा आणि दर अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नजर टाकाच.

अर्ध्या दिवसात उरकेल का?

राजवाडा उरकेल, व्हर्साय नाही. बहुतेक लोक सकाळी दहाला येतात, तासभर रांगेत उभे राहतात, गर्दीतून ढकलले जात आरसेमहाल बघतात आणि दमून परत जातात. माझं मत विचाराल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना इथली खरी मजा राजवाड्याच्या मागे आहे. बाग, कालवा आणि पार टोकाला राणीचं खेडं, म्हणजे मारी आंत्वानेत राणीने हौसेने वसवलेलं छोटं गाव. त्याला अख्खा दिवस द्या.

आमचा ठरलेला क्रम असा. नऊला दार उघडतं तेव्हाच्या वेळेचं तिकीट काढायचं, साडेअकरापर्यंत आतलं पाहून बाहेर पडायचं, बागेतून उतरत कालव्यापाशी जेवायचं आणि मग त्रियानोंकडे, म्हणजे बागेपलीकडच्या दोन लहान महालांकडे, जायचं. त्रियानोंचे महाल आणि राणीचं खेडं दुपारी बारालाच उघडतात, त्यामुळे उलटा क्रम जमतच नाही. राजवाड्यातून एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, तेव्हा निघण्याआधी सगळे मोजून घ्या.

कोणत्या वारी जावं?

सोमवारी बंद असतो. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरलाही बंद. मंगळवारी पॅरिसमधलं लूव्र बंद असतं, त्यामुळे तिकडची गर्दी इकडे लोटते. शनिवार-रविवार तर विचारूच नका. बुधवार-गुरुवार त्यातल्या त्यात बरे.

पण इथे एक मेख आहे. मोठी कारंजी रोज चालत नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबरच्या हंगामात ती ठरावीक दिवशीच, मुख्यतः शनिवार-रविवारी सुरू असतात. काही महिने मंगळवारीही. म्हणजे गर्दी नको तर कारंजी नाहीत, कारंजी हवीत तर गर्दी आलीच. मुलं सोबत असतील तर मी कारंज्यांच्या बाजूने कौल देते. कोरड्या कारंज्यापाशी उभं राहून "इथून पाणी उडतं बरं का" असं सांगण्यात काही राम नाही.

तिकिटाचं कसं? मुलांना लागतं का?

ज्या तिकिटावर राजवाडा, त्रियानों आणि बाग असं सगळं येतं त्या तिकिटाचं नावच 'पासपोर्ट' आहे. पहिल्या खेपेला मी दारात "पासपोर्ट दाखवा" म्हटल्यावर सासऱ्यांनी शर्टाच्या आतल्या चोरखिशातून खरा पासपोर्ट काढला होता. तो निघेपर्यंत मागची रांग खोळंबली.

तिकीट ऑनलाइनच काढा. त्यावर राजवाड्यात शिरायची वेळ छापलेली असते. तिकीट असलं तरी सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही, म्हणून वेळेआधी थोडं पोचलेलं बरं. १८ वर्षांखालच्या मुलांना राजवाड्यात आणि त्रियानोंमध्ये प्रवेश मोफत आहे, कुठल्याही देशाची असोत. वयाचा पुरावा जवळ ठेवा. कारंजी किंवा संगीत चालू असण्याच्या दिवशी बागेला मात्र वेगळं तिकीट पडतं आणि ते ६ वर्षांवरच्या मुलांनाही लागतं. लोक इथेच फसतात. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या मोठ्या माणसांना तिकीट जास्त आहे, तेव्हा जुन्या लेखांतले आकडे धरून हिशेब करू नका.

नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. आम्ही एकदा गेलो. परत जाणार नाही.

पॅरिसहून जायचं कसं?

सगळ्यात सोपी आरईआरची, म्हणजे पॅरिसच्या उपनगरी रेल्वेची, 'सी' लाइन. पाटीवर 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' असं नाव असलेलीच गाडी पकडा, कारण या लाइनला फाटे बरेच आहेत आणि नुसतं 'व्हर्साय' वाचून चढलात तर दुसऱ्याच स्टेशनावर उतराल. रिव्ह गोशपासून राजवाडा दहा मिनिटं चालत. माँपार्नासहून व्हर्साय शांतियेला किंवा सँ-लाझारहून व्हर्साय रिव्ह द्रुआतला जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण तिथून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. उन्हाळ्यात 'सी' लाइनवर दुरुस्तीसाठी मधले टप्पे बंद ठेवतात. आदल्या दिवशी ॲपवर बघून ठेवा, तेव्हा या दुसऱ्या वाटा कामी येतात.

तिकीट 'नाविगो इझी' या प्रवासाच्या कार्डावर भरायचं. माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघांना एकामागून एक आत घेणं चालत नाही. जायचं आणि यायचं अशी दोन्ही तिकिटं सकाळीच भरून टाका. संध्याकाळी स्टेशनावरच्या यंत्रांपुढे जी रांग लागते ती पाहून दादर आठवतं.

बाबागाडी नेता येते का?

बागेत खुशाल. राजवाड्यात मात्र धातूच्या सांगाड्याची मोठी बाबागाडी सोडत नाहीत, सामानाच्या खिडकीवर ठेवावी लागते. पाठीवर घ्यायची धातूची खुर्चीही चालत नाही. कापडी झोळी सर्वांत उत्तम. आमच्या नणंदेने तर आईच्या जुन्या सुती साडीचीच बांधली होती, आणि एक जपानी बाई ती कशी बांधतात हे खुणांनी विचारून शिकून गेली.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

राजवाडा झेपेल. लिफ्ट आहे, व्हीलचेअर मिळते आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर त्या व्यक्तीला आणि सोबतच्या एकाला प्रवेश मोफत आहे. त्रास होतो तो दोन ठिकाणी. एक, पुढच्या चौकातली दगडी फरसबंदी. तिथे व्हीलचेअर खडखडते आणि काठी अडकते. दुसरं म्हणजे अंतर. मोठा कालवाच १,६७० मीटर लांब आहे. राजवाड्याच्या गच्चीवरून बघताना "हे काय, समोर तर आहे" असं वाटतं. ही जमीन अशी उतरत नेली आहे की डोळा फसतो. आंद्रे ल नोत्र या माळ्याची ती करामत.

पायी सगळं करायला जाऊ नका. राजवाडा, त्रियानों आणि कालवा असा फेरा मारणारी छोटी रेलगाडी आहे. पैसे वेगळे पडतात, पण गुडघ्यांपुढे काय ते. बॅटरीवर चालणारी गाडीही तासावर भाड्याने मिळते. चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं. बाबांना चालवायची हौस असेल तर लायसन्स विसरू नका, मग पुढचं सगळं हसू-खिदळू आपोआप होतं.

आत २,३०० खोल्या आहेत म्हणे. नक्की काय बघायचं?

सगळ्या उघड्या नसतात, घाबरू नका. तीन ठिकाणी थांबा, बाकीचं चालता चालता बघा.

पहिलं, आरसेमहाल. ७३ मीटर लांब. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या १७ खिडक्या, समोरच्या भिंतीत तेवढ्याच कमानी आणि प्रत्येक कमानीत २१ आरसे. एकूण ३५७. सगळे छताकडे मान वर करून चालतात. तुम्ही एका कमानीजवळ जा आणि आरसा बघा, हात न लावता. एक अखंड आरसा नाही तो, खिडकीच्या तावदानांसारखे तुकडे जोडलेले आहेत. एवढ्या मोठ्या काचा तेव्हा ओतताच येत नव्हत्या. आरशांची विद्या व्हेनिसच्या मुठीत होती. राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर याने तिथले कारागीर फोडून फ्रान्समध्ये आणले आणि कारखाना काढला. हा महाल म्हणजे एका परीने त्या कारखान्याची जाहिरातच. काही आरशांत काळपट ठिपके आहेत, चेहरा जरा धुरकट दिसतो. सासूबाई बराच वेळ त्यात बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या माजघरातल्या कपाटाचा आरसा असाच होता. त्यात सगळ्याच जणी सुंदर दिसायच्या."

दुसरं, राजाचं शयनगृह. बरोबर मध्यभागी, उगवतीकडे तोंड करून. पलंगापुढे सोनेरी कठडा आहे. इथे चौदावा लुई रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला दरबाऱ्यांदेखत उठायचा आणि रात्री त्यांच्यादेखतच झोपायचा. सदरा कुणी द्यायचा, मेणबत्ती कुणी धरायची याचे मान ठरलेले. हे फ्रेंच मार्गदर्शक फार गूढ करून सांगतात. आपल्या माणसांना एका वाक्यात कळतं : काकडआरती ते शेजारती. फरक एवढाच की इथे देव्हाऱ्यात माणूस होता. १ सप्टेंबर १७१५ ला तो याच खोलीत वारला, ७२ वर्षं राज्य करून.

तिसरं, राणीचं शयनगृह. इथे राजघराण्यातली १९ मुलं जन्मली, तीही लोकांसमोर, कारण वारस अदलाबदल झाला नाही याला साक्षीदार हवेत. १७७८ च्या डिसेंबरात सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या पहिल्या बाळंतपणाला इतकी गर्दी घुसली की तिला भोवळ आली. आपल्याकडच्या बाळंतिणीची अंधारी खोली आठवून आमच्याकडच्या सगळ्या बायका इथे चुकचुकतात. पलंगाच्या डाव्या हाताला भिंतीच्याच कापडाने मढवलेलं एक दार आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत, ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे, पॅरिसहून चाल करून आलेला जमाव महालात शिरला, तेव्हा राणी या दारातून पळाली. त्याच दिवशी जमाव राजाराणीला पॅरिसला घेऊन गेला आणि व्हर्साय रिकामं झालं ते झालंच. मुलांना ते दार शोधायला लावा. पाच मिनिटं शांतता मिळते.

मुलं राजवाड्यात कंटाळतात. काय करू?

कंटाळू द्या, पण थोडाच वेळ. त्यांना आधीच सांगून ठेवा की मागे बेडूक आहेत.

बागेच्या पायऱ्या उतरलात की लातोनाचं कारंजं लागतं. वर लातोना ही पुराणकथेतली रोमन देवी आणि तिची दोन लेकरं, अपोलो आणि डायाना. खाली गोल पायऱ्यांवर सोनेरी बेडूक, कासवं आणि अर्धवट माणसं. गोष्ट अशी : तहानलेली लातोना पोरांना घेऊन एका तळ्याशी आली, गावकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही, मुद्दाम चिखल ढवळला. तिने गाऱ्हाणं घातलं आणि गावकऱ्यांचे बेडूक झाले. शिल्पकाराने नेमका तो बदलण्याचा क्षण धरलाय. एकाचं धड माणसाचं आणि तोंड बेडकाचं झालंय, एकाचे हात अजून बोटांचे आहेत. माझा भाचा कठड्याला लटकून प्रत्येकाचं "हा किती टक्के बेडूक" असं ठरवत होता. अर्धा तास.

पाण्याचीही गोष्ट सांगा, मुलांना आवडते. व्हर्सायला जवळ नदी नाही. एवढी कारंजी एकदम चालवायला पाणीच पुरत नसे. मग राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा करत. राजा समोर आला की चावी सोडायची, वळला की बंद. पुढे १६८० च्या दशकात सेन नदीवर १४ प्रचंड चाकांचं यंत्र बांधून पाणी टेकडीवर चढवलं, तरी टंचाई संपली नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं राजकारण करणाऱ्या सोसायट्यांना हे ऐकून बरं वाटावं.

आणि शेवटी राणीचं खेडं. १७८३ पासून बांधलेली, गवताने शाकारलेली घरं, तळं, दुधाची खोली, भाजीचे वाफे, आणि आजही शेळ्या, मेंढ्या, ससे, गायी. पाणचक्की दिसते तिचं चाक नुसतं शोभेचं, आत दळायचं जातं मुळी नाहीच. सासरे कोकणातले. सगळं बघून त्यांनी एकच विचारलं, "शेण कोण काढायचं?" खेड्याला जोडून खरीखुरी शेती होती आणि ती चालवणारी माणसं होती, त्यामुळे उत्तर सोपं आहे : राणी नाही.

कालव्यात वल्हवायच्या होड्या आणि बाहेरच्या उद्यानात सायकली भाड्याने मिळतात. बागेत मात्र सायकल चालत नाही.

हा राजवाडा शिवाजी महाराजांच्या काळातला ना?

हो, आणि हा प्रश्न हमखास येतो. महाराजांचा जन्म १६३० चा, चौदाव्या लुईचा १६३८ चा. व्हर्साय आधी त्याच्या वडिलांचं शिकारीचं ठिकाण होतं. लुईने १६६१ पासून ते वाढवायला घेतलं आणि ६ मे १६८२ ला दरबार इथे हलवला. म्हणजे महाराज गेल्यावर दोन वर्षांनी. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लुईने एका प्रांताच्या विजयाबद्दल व्हर्सायच्या बागेत मोठे उत्सव केले. त्याच साली फ्रांस्वा मार्तां याने पाँडिचेरीला फ्रेंच वखारीचा पाया घातला, आणि १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले तेव्हा मार्तांला त्यांच्याकडे वकील पाठवून वखारीसाठी अभय मागावं लागलं.

"मग आपला रायगड मोठा की हा?" असं मुलं विचारतात. एक राहायला आणि दाखवायला बांधलाय, दुसरा टिकायला आणि लढायला. मी इथेच थांबते, कारण पुढे सासरे बोलतात.

आपल्या देशाचं इथे आणखी काही?

दोन गोष्टी. १० ऑगस्ट १७८८ ला टिपू सुलतानाचे तीन वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागायला इथे आले आणि सोळाव्या लुईने हर्क्युलिसच्या दालनात त्यांचं स्वागत केलं. मदत मिळाली नाही. वर्षभरात राजाचंच आसन डळमळलं.

दुसरी, शाळेत पाठ केलेला व्हर्सायचा तह. २८ जून १९१९ ला तो आरसेमहालातच झाला, आणि त्यावर भारताच्या वतीने सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते. जागा मुद्दाम निवडली होती. १८७१ मध्ये जर्मनांनी आपलं साम्राज्य याच दालनात जाहीर केलं होतं.

खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी आहोत, आईला अंडंही चालत नाही.

डबा न्या. आत आणि आसपास उपाहारगृहं आहेत, राजवाड्यातल्या आंजेलिनामधलं घट्ट हॉट चॉकलेट तर खासच. पण अंड्याशिवायचं पोटभर जेवण मिळणं कठीण. क्रेप म्हणजे फ्रेंच धिरडं, त्याच्या पिठात अंडं असतं. कीश या खाऱ्या पायमध्ये अंडं असतंच, वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. सॅलड मागवलं तरी हॅम निघू शकतं. "सां व्हियांद, सां प्वासों, सां झ" म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको. एवढं पाठ करा.

डबा बागेत उघडायला मनाई आहे. बागेच्या पलीकडच्या उद्यानात, कालव्याच्या बाजूला, चालतं. दशम्या, लसणाची चटणी आणि गुळाची ढेप आमच्याकडे ठरलेली. एक मात्र लक्षात ठेवा. भारतातून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तुपाची बरणी, सगळं त्यात येतं. चिवडा, चकल्या, शंकरपाळे बिनधास्त.

चपला चालतील का? साडी?

साडी उत्तम. पण वाटा बारीक खडीच्या आहेत, संध्याकाळपर्यंत काठ पांढरा होतो. पायांत बंद बूट हवेत. लुईच्या काळात नीटनेटक्या कपड्यांतला कुणीही आत येऊ शकायचा, पुरुषांकडे फक्त टोपी आणि तलवार लागायची, आणि ती दारात भाड्याने मिळायची. आता सेल्फी-काठीसुद्धा आत नेता येत नाही.

स्वच्छतागृहं?

आहेत आणि फुकट आहेत. बायकांची रांग मोठी असते. आत शिरल्याबरोबर जाऊन या, नंतर दालनांच्या ओळीत मध्येच मागे फिरणं अवघड जातं.

चोऱ्या होतात का?

खिसेकापू गाडीत आणि आरसेमहालात दोन्हीकडे असतात. सगळ्यांच्या माना वर, यांचे हात खाली. आमच्या एका पाहुण्यांचं पाकीट छतावरच्या चित्राचा फोटो काढताना गेलं. पर्स पोटावर घ्या आणि पासपोर्टची छायाप्रत घरी ठेवा.

पाऊस आला तर?

छत्रीपेक्षा रेनकोट बरा. समोरच्या मोठ्या तबेल्यात राजघराण्याच्या बग्ग्यांचं दालन आहे, प्रवेश मोफत असतो, पण ठरावीक वारीच उघडतं. वार जुळला तर मुलं खूश.

गावात बघण्यासारखं काही?

नोत्रदाम बाजार, मंगळवार, शुक्रवार, रविवार. चीज, फळं, भाजी, आणि दरांवरून सासूबाईंचा नापसंतीचा सुस्कारा. आणि राजवाड्यापासून थोड्या अंतरावर जुनं टेनिसचं मैदान, छप्पर असलेलं. २० जून १७८९ ला सभागृहाचं दार बंद दिसलं म्हणून जनतेचे प्रतिनिधी इथे जमले आणि राज्यघटना होईपर्यंत न पांगण्याची शपथ घेतली. आत जायला पैसे पडत नाहीत आणि गर्दीही नसते.

परत येताना कुठली गाडी?

रिव्ह गोश हे शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळे तिथे उभी असलेली कुठलीही गाडी पॅरिसकडेच जाते. पुढच्या डब्यापर्यंत चालत जा, तिकडे बसायला मिळतं. मुलं झोपतात. उतरायच्या दोन स्टेशनं आधी उठवायला लागा.